पाय उभे तर माणूस उभा

तिशी नुकती ओलांडली आणि ही बाई आठवणी लिहायला बसली, म्हणून रिंगमधल्या डोक्याच्या माराविरुद्ध फिरणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांत माझी चेष्टा होते. "सुजाताताई, मग म्हातारपणी काय लिहिणार?" असं विचारतात. मी हसून सोडून देते. कारण साधं आहे. मी आठ वर्षं बॉक्सिंग केलंय. आमच्यात ज्याचं डोकं शाबूत आहे त्यानं ते शाबूत आहे तोवरच लिहून घ्यावं. म्हातारपणाची वाट बघायची चैन आम्हाला नाही. माझा वरचा, समोरचा एक दात खोटा आहे. सभेत पुढं बसलेल्या बायांची नजर बरोबर तिथं जाते आणि सभा संपल्यावर एखादी जवळ येऊन हळूच विचारते, "रिंगमधी गेला का, बाई?" मी आजवर 'हो' म्हणत आले. ते खोटं आहे. दात कुठं गेला ते याच प्रकरणात येईल.

बॉक्सर जुना कधी होतो? फॉर्म छापणारे म्हणतात, चाळीस पूर्ण झाली की व्हेटरन. जन्माचा दाखला जोडा, झालं. काही म्हणतात, लढती मोजा, पदकं मोजा. नांदेडच्या आमच्या क्लबात यातलं काहीच चालत नव्हतं. तिथं एकच कसोटी होती. दहा वर्षं रिंगमध्ये उतरून ज्याची पाठ एकदाही खाली टेकली नाही, तो जुना. मग तो तीस वर्षांचा का असेना. "पाय उभे तर माणूस उभा," असं आमचे गंगाधर वस्ताद म्हणायचे. नवं पोर नाकातलं रक्त पुसत असलं तरी हेच, कोणाच्या कानात दोन दोन दिवस भुंगा गुणगुणत असला तरी हेच. या वाक्याला मी पत्रकात 'खुनी वाक्य' म्हटलं, तेव्हा क्लबातल्या निम्म्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शब्द मी आजही मागं घेत नाही. फक्त एक गोष्ट पत्रकात सांगायची राहिली. तेच वाक्य सतरा वर्षांची होईपर्यंत मीही छाती पुढं काढून म्हणत होते.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. माय शाळेत खिचडी शिजवायला जायची, त्यामुळं घरात पहाटे स्टो पेटायचा आणि भाकरी थापल्याचा आवाज माझ्या उशाशी यायचा. आधी थप थप, मग परातीतून पीठ ओढल्याची खरखर, मग तव्यावर भाकरी पडल्याचा तो मऊ आवाज. आमचे वडील, अण्णा, ग्रिल आणि शटर बनवणाऱ्या वर्कशॉपात वेल्डर होते आणि संध्याकाळी क्लबातले बॉक्सर. त्यांच्या डब्यात ज्वारीच्या तीन भाकरी, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि लढत जवळ आली असली की दोन उकडलेली अंडी. रविवारी सकाळी मात्र चुरमुऱ्यांची सुशीला. चुरमुरे भिजवून पिळायचं काम अण्णांचं. मुठीत असे दाबायचे की एक थेंब पाणी राहत नसे. "हे बी बॉक्सिंगच हाय," म्हणायचे. घराच्या खिडकीची जाळी त्यांनी स्वतः केलेली. तिच्या वेल्डिंगचा एकेक डाग मी बोटानं चाचपलेला आहे, मुंगी चालावी तसा सरळ. अण्णांनी घरात कधी आवाज चढवला नाही. माझ्यावर हात उचलणं तर दूरच, मी लहानपणी ताट ढकललं तरी ते ताट सरळ करून पुन्हा पुढं ठेवायचे. "ज्याच्या हातात मार हाय त्यानं घरात हात खिशात ठेवावं," असं त्यांचं होतं.

क्लब म्हणजे बंद पडलेल्या, कापसाच्या जिनिंगच्या गोदामातला एक कोपरा. वाळूनं भरलेल्या चार बॅगा, ठिगळं लावलेली रिंग, आणि सरकीचा जुना वास, जो पावसाळ्यात घामापेक्षा जास्त यायचा. राऊंडची घंटी एसटीची होती. मोडीत निघालेल्या गाडीतून कोणीतरी आणलेली, दोरीसकट. एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की सुरू. टण टण. या आवाजावर अण्णांचे हात वीस वर्षं वर जात आले. शहरातून गाडी जाताना कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली की आम्ही पोरं मुद्दाम एकमेकांना कोपरानं ढोसायचो, "चल, राऊंड सुरू." हसायचो. आज लिहिताना हसू येत नाही.

आणि क्लबात सलामी होती. बाहेरच्याला सांगितलं तर विश्वास बसत नाही, म्हणून नीट सांगते. वर्षातून एका दिवशी, त्या वर्षी दाखल झालेली सगळी नवी पोरं हातात ग्लोज घालून रांगेत उभी राहायची. समोर चटईवर जुना. त्यानं हात पाठीमागं धरायचे, डोकं हलवायचं नाही. प्रत्येकानं तीन बुक्के द्यायचे, डोक्यावरच, आणि मग पाया पडायचं. जुना हलला नाही की टाळ्या. त्यानंतर त्याला कोणी अरे-तुरे करायचं नाही, त्याच्या आधी कोणी चहा उचलायचा नाही. पदवी एकदा मिळाली की दर वर्षी सलामी. नको म्हणता येत होतं. चटईवरून उतरायचं, बस्स. पण उतरलेला एकही जुना कोणाच्या आठवणीत नव्हता. अण्णांनी अकरा वर्षं सलामी घेतली. त्यातल्या एका वर्षी रांगेत मी होते, तेरा वर्षांची, दोन वेण्या, हातात मनगटापर्यंत ढिले ग्लोज. पहिले दोन मी भीत भीत मारले. अण्णा डोळा मिचकावून हळूच म्हणाले, "सुजे, लाजू नको. बापाची इज्जत हाय." तिसरा मी जीव खाऊन मारला. टाळ्या सगळ्यात जास्त माझ्या वेळी पडल्या. त्या दिवशी मायनं घरी शिरा केला होता.

खुणा कधीपासून दिसायला लागल्या ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघत नव्हते. माय बघत होती. संध्याकाळी अण्णा वर्कशॉपातून आले की पाण्याचा तांब्या देताना ती विचारायची, "अवो, आज डब्यात काय होतं?" मला वाटायचं, कौतुक ऐकायचंय तिला. पूर्वी अण्णा सांगायचे, भाजीत तेल जास्त झालतं, चटणी फर्मास. मग हळूहळू एकच उत्तर यायला लागलं. "नेहमीचंच." हसून, तांब्या तोंडाला लावत. "नेहमीचंच की."  एकदा मायनं मुद्दाम डब्यात धपाटे दिले, जे ती एरवी प्रवासालाच करायची. संध्याकाळी विचारलं. "नेहमीचंच," अण्णा म्हणाले. मायनं डबा उघडला. खाल्लेला होता, चाटूनपुसून. ती डबा घासायला घेऊन गेली आणि बराच वेळ राख घासल्याचा आवाज येत राहिला. बॉक्सिंगमध्ये मार चुकवायला हात गालाशी धरतात. ते 'नेहमीचंच' अण्णांचा तसा हात होता, हे मला कळायला फार वर्षं लागली.

मग वर्कशॉपातून एक गेट परत आलं. मापात चार बोटं कमी. मग एका शटरवरचा डाग असा वाकडा गेला की मालकानं अण्णांना वेल्डिंगवरून काढून ग्राइंडरवर बसवलं. अण्णा घरी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असंल. बाल्या, म्हणजे बालाजी, माझ्याच वयाचा, माझ्याशी रोज सराव करणारा, मला एकदा म्हणाला, "सुजे, अण्णा काल मला तीनदा एकच गोष्ट सांगून राहिले होते." मी त्याला म्हणाले, "तुझ्या टकुऱ्यात एकदा सांगून शिरत न्हाई म्हणून." तो हसला. मीही.

त्या वर्षीची सलामी अण्णांची अकरावी. नवी पोरं बरीच होती. अण्णा शेवटच्या बुक्क्यापर्यंत हलले नाहीत. टाळ्या पडल्या, वस्तादांनी गळ्यात हार घातला, आणि अण्णा तसेच उभे राहिले. डोळे उघडे, हात पाठीमागं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार खाली हारावर उतरली. मी बघितली. वस्तादांनी पाठीवर थाप मारली तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली. घरी जाताना ते माझ्यापुढं चालत होते आणि आमची गल्ली सोडून पुढच्या गल्लीत वळले. मला वाटलं, कोणाला भेटायचं असंल. त्यांनी एका दारात चपला काढल्या, आत जाऊन भिंतीला टेकून बसले आणि टॉवेल मागितला. ती आमची जुनी खोली होती. मी बालवाडीत असताना सोडलेली. तिथली बाई भली, तिनं टॉवेल दिला, पाणी दिलं, आणि मला दारात बघून म्हणाली, "लई दिसानं आले तुझे अण्णा." मी म्हणाले, "हाव, मावशी." हाताला धरून त्यांना घरी आणलं. मायला सांगितलं नाही. मायनं विचारलंही नाही. तिनं अण्णांच्या चपलांकडं बघितलं, कारण त्यांनी डावी उजव्या पायात घातली होती.

पंधरा-वीस दिवसांनी लातूरचा फॉर्म आला. चाळीस वर्षांवरच्यांची स्पर्धा, व्हेटरन गट, जिंकणाऱ्याला प्रमाणपत्र. क्लबाच्या भिंतीवर लातूरचं असं एकही प्रमाणपत्र नव्हतं, आणि वस्तादांना ते हवं होतं. अण्णांना किती हवं होतं ते त्यांनी फॉर्म घडी न घालता, दोन्ही हातांवर ताटासारखा धरून घरी आणला त्यावरून समजावं. माझं अक्षर चांगलं, जयंतीचे फलक मीच रंगवायचे, म्हणून फॉर्म माझ्यापुढं आला. नाव, वय, वजन, लढती. मग खाली एक ओळ: गेल्या वर्षभरात डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती काय? हो. नाही. दोन चौकोन.

मी पेन थांबवला. वस्ताद बाजेवर बसलेले. "काय झालं?"

"वस्ताद, सलामीच्या दिवशी..."

"पडला का? न्हाई. मंग?"

"पडले न्हाईत, पण..."

"पण-बिन काय असतं का? शुद्ध गेली तर माणूस पडतो का न्हाई? मुडदा उभा राहतो का?" वस्ताद अण्णांकडं वळून हसले. "किशनराव, पोरगी कॉलेजात गेली आन् वकील झाली तुमची."

चुलीच्या खोलीतून माय म्हणाली, "सुजे. तिथं खरं ते लिही." एवढंच. मोठ्यानं नाही, पण भाकरी थापणं थांबवून म्हणाली.

अण्णा माझ्याकडं बघत होते. त्या चेहऱ्याचं वर्णन मी अनेकदा करून बघितलं, जमत नाही. निकाल लागायच्या दिवशी पोरं बोर्डापुढं उभी असतात, तसं काहीतरी. आणि मी मान खाली घालून स्वतःला सांगितलं, पडले नाहीत हे तर खरंच आहे. पाय उभे होते. वस्ताद काही खोटं बोलायचे नाहीत. त्यांना मनापासून तसंच वाटायचं, आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. ही चूक बाहेरचा करणार नाही. बाहेरचा माणूस त्या उघड्या डोळ्यांकडं बघून सांगंल की आत कोणी नाही. आम्ही पायांकडं बघायचो. पण मी जुन्या खोलीच्या दारात उभी राहिले होते. मला माहीत होतं. आणि कॉलेजात मैत्रिणींना सांगूनही झालं होतं की आमचे अण्णा लातूरला व्हेटरनची लढत खेळणार. मी 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण केली. अण्णांनी खाली सही केली, आणि मग बाजूला, जिथं काही लिहायचं नव्हतं तिथं, आणखी एकदा केली.

लातूरला आम्ही चौघं गेलो: अण्णा, वस्ताद, बाल्या आणि मी. मायनं धपाटे आणि दही बांधून दिलं. दारापर्यंत आली, अण्णांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आत गेली. नेहमी रस्त्यापर्यंत यायची.

तिथं टेबलामागं एक तरुण डॉक्टर बसला होता. टॉर्चनं डोळे बघितले, रक्तदाब घेतला, चांगला माणूस वाटला. मग सहज म्हणाला, "काका, आज वार कोणता?" अण्णा हसले. "तुम्हालाच ठावं न्हाई व्हय, डॉक्टर?" डॉक्टरही हसला, पण थांबून राहिला. अण्णांची नजर हळूच त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं आली. लढतीत मार बसल्यावर खेळाडू असाच कोपऱ्याकडं बघतो. आणि कोपऱ्यातल्यानं जे करायचं तेच मी केलं. ओठांनी, आवाज न करता: र-वि-वार. "रविवार," अण्णा म्हणाले. "उत्तम," डॉक्टर म्हणाला आणि शिक्का मारला. बाल्यानं हे बघितलं. तो बूट बांधायला खाली वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिला.

लढत मात्र अण्णांनी अशी खेळली की आठवली तरी अंगावर काटा येतो. डोक्यातलं काय काय गेलं होतं कोण जाणे, पायातलं काहीच गेलं नव्हतं. समोरचा लातूरचाच, पोट सुटलेला, गमत्या, हात मिळवताना म्हणाला, "दादा, दमानं घ्या, घरी नातू हाय." दोन राऊंड अण्णांनी त्याला नुसतं फिरवलं. तिसऱ्यात त्याचा एक उजवा हात अण्णांच्या कानाच्या वर बसला. फार जोरात नाही. अण्णा पडले नाहीत. त्यांनी उलट दोन चांगले दिले, घंटी झाली, आणि ते शांतपणे चालत जाऊन समोरच्याच्या कोपऱ्यात, त्याच्या स्टुलावर बसले. लोक हसले. समोरचाही हसला, म्हणाला, "दादा, कोपराबी घेता का जिंकून?" पंचांनी अण्णांचा हात वर केला. वस्ताद माझ्या कानात म्हणाले, "बगितले पाय?" मी टाळ्या वाजवत होते. तळहात लाल होईपर्यंत.

परतीची गाडी दुपारची. ऊन असं की खिडकीची पट्टी हाताला चटका द्यायची. प्रमाणपत्र गुंडाळी करून अण्णांनी शर्टात घातलेलं. चाकूरपर्यंत त्यांनी दोन धपाटे खाल्ले, दही खाल्लं, बोटं चाटली. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या मायनं काही दिलंच न्हाई बग सोबत." मी उरलेला धपाटा दिला. तो खाल्ला. शिरूरच्या पुढं पुन्हा म्हणाले. तेव्हा द्यायला काही उरलं नव्हतं. एकेका थांब्यावर घंटी वाजत होती, आणि प्रत्येक टण टणला त्यांच्या मांडीवरच्या मुठी वळत होत्या. मला दिसत होत्या. पुढच्या सीटवर वस्ताद झोपलेले.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. माणसं चढली, पेरूवाली चढून उतरली. मग कंडक्टरनं दार ओढलं आणि दोरी दोनदा ओढली. टण टण. अण्णा सीटवरून उठले, मधल्या वाटेत गेले, डावा पाय पुढं, हात गालाशी. कोणीतरी हसून म्हणालं, "पैलवान, बसा की, धक्का बसंल." मी उठून त्यांचा दंड धरला. "अण्णा, बसा. अण्णा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या डोळ्यांत स्वतःला शोधलं, आणि मी तिथं नव्हते. डावा हूक. मी पाहिला, ओळखला, त्यांनीच शिकवलेला होता, आणि तरी हात वर केला नाही, कारण बाप मारील हे शरीराला ठाऊकच नव्हतं.

मी दोन सीटांच्या मध्ये पडले. तोंडात गरम झालं. बायका ओरडल्या, कंडक्टरनं गाडी थांबवायला घाईत घंटी दोन-तीनदा ओढली, आणि त्या आवाजाबरोबर अण्णा पुन्हा पुढं सरकले. मी खालूनच ओरडले, "मास्तर, घंटी नका वाजवू! घंटी नका वाजवू!" बाल्यानं मागून दोन्ही हातांनी त्यांना कवेत धरलं आणि लहान पोराला धरावं तसा त्यांच्या कानाशी बोलत राहिला: "राऊंड झाला, अण्णा. आपुन जिंकलो. झाला राऊंड." हळूहळू हात खाली आले. त्यांना सीटवर बसवलं. मी ओढणी तोंडाला लावून शेजारी बसले. त्यांनी ओढणीवरचं रक्त बघितलं, माझ्या तळहातातला दात बघितला, आणि त्यांचा चेहरा बदलला. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता.

"कोणी मारलं?" त्यांनी विचारलं. मग उभं राहायला लागले, साऱ्या गाडीकडं बघत. "कोणी मारलं माझ्या पोरीला? नाव सांग, सुजे. नाव सांग त्याचं."

 वस्ताद जागे झाले होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

"पडले, अण्णा," मी म्हणाले. "कोणी न्हाई मारलं. मीच पडले."

त्या कंडक्टरचं नाव मला माहीत नाही. अहमदपूर ते नांदेड त्यानं दोरीला हात लावला नाही. प्रत्येक थांब्यावर दारातून वाकून तो ड्रायव्हरला तोंडानंच सांगत होता, "थांबा." मग, "जाऊ द्या." साऱ्या वाटेवर मला माणूस म्हणून कोणाचा आधार वाटला असेल तर त्याच्या त्या आवाजाचा.

अण्णा त्यानंतर चार वर्षं होते. शेवटी शेवटी माय डब्याचं विचारायची बंद झाली होती. प्रमाणपत्र क्लबाच्या भिंतीवर आहे, काचेत. ते गेले त्या वर्षी मी बॉक्सिंग सोडलं आणि पत्रकं लिहायला लागले. धर्माबाद, देवणी, जिथं जिथं पोरं ग्लोज घालतात तिथं फिरले. सलामी बंद करा. मार बसलेल्याला सक्तीची सुट्टी द्या. फॉर्मवरचा तो प्रश्न घरच्यांना वेगळं बोलावून विचारा. लोक ऐकतात, चहा देतात, पत्रक घडी घालून खिशात ठेवतात. आमच्या क्लबानं तर पत्रकावर खारे शेंगदाणे ठेवून खाल्ले.

बाल्याची मधली काही वर्षं रोजगारापायी रिंगबाहेर गेली, पण यंदा दहा भरली आणि तो जुना झाला. मला निरोप कोणी दिला नव्हता, मी गेले. गोदाम तेच, सरकीचा वास तोच, घंटी तीच. वस्ताद आता खुर्चीवर, गुडघ्यावर शाल. रांगेत वीसेक पोरं, दोन मुलीही. बाल्या चटईवर, हात पाठीमागं. मी रांगेतल्या पहिल्या पोराच्या पुढं जाऊन उभी राहिले. कोणीतरी म्हणालं, "आली पत्रकवाली." वस्ताद म्हणाले, "मारायचं असंल तर मार, भाषण नको."

भाषण मी तयार करून नेलं होतं. ते केलं नाही. मी विचारलं, "बाल्या, आज सकाळी काय खाल्लास?"

तो हसला. "नेहमीचंच, सुजे."

गोदाम हसलं. मी हसले नाही. त्यालाही काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यानं ते माझ्यावरच उलटवलं. "मला काय विचारतीस? आठ वर्षं तू बी खाल्लेस की बुक्के. तू सांग. तू काय खाल्लीस सकाळी?"

"सुशीला," मी म्हणाले. "मायनं केलती. वर शेव. मग चहा."

बरोबर होतं. घरी जाऊन मायला विचारून मी खात्री केली, अगदी बरोबर होतं. पण उत्तर तोंडात यायच्या आधी मी थांबले होते. एक क्षण तिथं काहीच नव्हतं, धुतलेल्या पाटीसारखं. गोदामात कोणाला ते कळलं नाही. बाल्याला कळलं. तो माझ्या डोळ्यांकडं बघत होता, पायांकडं नाही. त्याचं हसू तसंच राहिलं आणि मग गेलं. त्यानं पाठीमागचे हात सोडले, पुढं घेतले, स्वतःचेच तळवे उलटसुलट करून बघितले, आणि चटईवरून उतरला.

वस्ताद काहीतरी ओरडले. पोरांची रांग मोडली. क्लबात पहिल्यांदाच जुना उतरला होता, आणि इतक्या वर्षांच्या पत्रकांनी जे झालं नाही ते माझ्या नजरेसमोर झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी गोदामातून बाहेर पडले, आणि घर येईपर्यंत साऱ्या रस्त्यानं ओठांतल्या ओठांत म्हणत होते: सुशीला, शेव, चहा. सुशीला, शेव, चहा.